चरबीच जर दुश्मन, तर रक्तवाहिन्या वाचवणारं हार्मोन चरबीतूनच कसं काय येतं?

कापूसकोंड्या (परभणी)

राम राम मंडळी. लई दिवसांनी लिहायलो, प्रश्न जरा लांबडा हाय पण शेवटपर्यंत वाचा अन् कुणाला ठावं असंल तर सांगा.

माझं खता-बियाण्याचं दुकान, दिवसभर गल्ल्यावर बसून. वय ४१, उंची पाच फूट सात, वजन ६६. अंगानं मी बारीकच, हातपाय तर निव्वळ काड्या, गावात मला कुणी जाड म्हणणार नाही, फक्त पोट तेवढं शर्टाच्या गुंड्या ओढायलंय. मागच्या महिन्यात शिबिर होतं म्हणून सहज रक्त तपासलं तर एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.१ अन् उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४०. डॉक्टर म्हणले इन्सुलिन रेझिस्टन्स दिसतो, म्हणजे इन्सुलिन असूनबी अंग त्याला नीट दाद देत नाही, बॉर्डरवर आहात, पोट कमी करा. इकडं आमचे साडू, वजन ९२, पंगतीत बुंदी वाढणारा थकतो पण हे थकत नाहीत, अन् त्यांची शुगर एकदम नॉर्मल. हा कुठला न्याय राव?

आता खरा प्रश्न. पुतणी लातूरला फार्मसी करते, सणाला आली होती. तिला म्हणलं चरबीनं माझं वाटोळं केलं, तर ती म्हणायली, काका चरबीला सरसकट शिव्या देऊ नका, चरबीच्या पेशीतून अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचं हार्मोन निघतं अन् इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींना तेच सांभाळतं. एवढं बोलली अन् तिची एसटी लागली, विषय बोंबलला. फोन केला तर म्हणे परीक्षा झाल्यावर सांगते. तवापासून डोक्यात किडा वळवळायलाय. चरबी वाढली की शुगर, बीपी, हार्ट सगळं बिघडतं हे शाळेतलं पोरगंबी सांगतं, मग तीच चरबी राखण करणारं हार्मोन सोडत असंल तर जास्त चरबीवाल्याला जास्त राखण मिळायला पाहिजे ना? उलटं कामून होतं? अन् वाचवतं म्हणजे नेमकं करतं काय?

गोदाकाठची (नांदेड)

भाऊ, पुतणी बरोबर सांगायली, परीक्षेची काळजी करू नका तिच्या. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते त्यामुळं उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी ते आतलं अस्तर. रक्तवाहिनीला आपण पाइप पाइप म्हणतो पण तिच्या आतून एकाच पेशीच्या जाडीचा जिवंत थर असतो, एंडोथेलियम, शहाबादी फरशी बसवल्यासारख्या पेशी एकीला एक चिकटून. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की हा थर नुसता गुळगुळीतपणापुरता. मग १९८० मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट फर्चगॉट यांचं काम आलं, त्याची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. ते सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन टाकून बघायचे. एखादी पट्टी सैल पडायची, एखादी उलट आवळायची, मेळच लागेना. शेवटी ध्यानात आलं की पट्टी कापताना आतली बाजू चुकून घासली गेली असली की ती सैल पडतच नाही. म्हणजे सैल पडायचा हुकूम त्या एका पेशीच्या थरातून सुटत होता! तो हुकूम म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, एक वायू, जेमतेम काही सेकंद टिकणारा, हे पुढं कळलं अन् १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं. हा वायू वाहिनी सैल ठेवतो, प्लेटलेटला, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांना, चिकटू देत नाही, पांढऱ्या पेशींना भिंतीवर बसू देत नाही.

आता इन्सुलिन. ते साखर पेशीत ढकलतं एवढंच आपण ऐकलेलं, पण ते या अस्तराच्या पेशीलाबी निरोप देतं अन् तिथून पुढं दोन चाऱ्या फुटतात. तुम्ही जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यातले म्हणून चारीच सांगते. पहिली चारी पीआय-थ्री-कायनेज अन् एकेटी या प्रथिनांची, तिच्या टोकाला ईनॉस, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम. दुसरी मॅप कायनेजची, तिच्या टोकाला एंडोथेलिन-१, हे वाहिनी आवळतं. तब्येत बरी असली की दोन्हींचा तोल राहतो. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये गाळ भरतो तो पहिल्या चारीत, दुसरी धो धो चालूच. अन् साखर हटंना म्हणून स्वादुपिंड आणखी आणखी इन्सुलिन सोडत राहतं, म्हणजे वरून गेट जास्तच उघडलं, अन् ते सगळं पाणी कुठं जाणार तर दुसऱ्या चारीला. ज्या रानाला पाणी पाहिजे ते वाळायलंय अन् नको तिथं तुंबायलंय. रिपोर्टमध्ये शुगर अजून बॉर्डरवर असतानाच वाहिन्यांचं नुकसान सुरू होतं त्याचं एक कारण हे.

अ‍ॅडिपोनेक्टिन म्हणजे त्याच रानातला बोअर. ते या कालव्याच्या भरवशावर नाही. पेशीवर त्याचे स्वतःचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणाऱ्या खुंट्या, असतात, अ‍ॅडिपो-आर-१ अन् २, टोकियो विद्यापीठातल्या मंडळींनी २००३ मध्ये दाखवले. तिथं ते बसलं की आत एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं अन् ते ईनॉसला चालू करतं. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते, एकेटीवाली चारी ईनॉसवर ज्या जागी फॉस्फेट लावते, ११७७ क्रमांकाचं सेरीन (प्रथिनाच्या माळेतला एक मणी), एएमपीकेबी बरोब्बर तिथंच लावतं. बटण एकच, दाबणारं बोट दुसरं. इन्सुलिनचं बोट लुळं पडलं तरी बटण दाबलं जातं. शिवाय अ‍ॅडिपोनेक्टिन स्नायू अन् लिव्हरमध्ये इन्सुलिनचं काम सुधारतं, म्हणजे कालव्यातला गाळ काढायलाबी हात लावतं.

आणखी एक काम करतं. अंगात बारीक सूज असली की अस्तराच्या पेशी चिकट होतात, त्यांच्यावर पांढऱ्या पेशी धरून ठेवणारे रेणू उगवतात, अन् तिथूनच पुढं ब्लॉकेजची सुरुवात. प्रयोगशाळेत हे बघायला बाळंतपणानंतरच्या नाळेतल्या शिरेच्या, नाहीतर माणसाच्या महाधमनीच्या अस्तराच्या पेशी वापरतात. (आपल्याकडं वार-नाळ पुरतात, तिकडं तीच बशीत वाढवतात, असो.) अशा पेशींवर टीएनएफ-अल्फा हे सुजेचं रसायन टाकलं की त्या चिकट होतात, पण आधी अ‍ॅडिपोनेक्टिन घातलेलं असलं तर चिकटपणा कमी, हे १९९९ ला जपानच्या ओसाकातल्या गटानं दाखवलं. अन् उपाशी ठेवून किंवा त्रास देऊन या पेशी मरायला घातल्या तर अ‍ॅडिपोनेक्टिननं त्या कमी मरतात. हे हार्मोन बनवूच न शकणारे उंदीर तयार केले, २००२ च्या आसपास, त्यांच्या वाहिनीला जखम केली तर भिंत साध्या उंदरापेक्षा जास्त जाड झाली.

जास्त चरबीवाल्याला जास्त का मिळत नाही ते कुणीतरी दुसरं सांगा, मला उद्या सकाळी प्रॅक्टिकल आहे.

उदगिरी_बाबू

ताईंनी वाहिनीकडची बाजू सांगितली, चरबीकडची मी सांगतो. मेडिकल दुकान आहे माझं, रात्री गिऱ्हाईक नसलं की हेच वाचत बसतो.

हे हार्मोन १९९५-९६ च्या सुमारास चार वेगवेगळ्या टीमनं वेगवेगळं शोधलं अन् प्रत्येकानं आपापलं नाव ठेवलं, बारशाला चार आत्या जमल्यासारखं. शेवटी अ‍ॅडिपोनेक्टिन टिकलं. रक्तात ते भरपूर असतं, एका मिलिलिटरमध्ये ३ ते ३० मायक्रोग्रॅम, बाकीची बरीचशी हार्मोन याच्या हजाराव्या हिश्शातबी नसतात. त्यामुळं सगळ्यांना वाटलं जाड माणसात हे धबाधबा असणार. लेप्टिन नावाचं चरबीचंच दुसरं हार्मोन आहे, ते तसंच वागतं, चरबी वाढली की वाढतं. पण १९९९ मध्ये ओसाकावाल्यांनी मोजलं तर जाड लोकांत अ‍ॅडिपोनेक्टिन कमी! तुमचा प्रश्न अन् त्यांचा प्रश्न एकच भाऊ.

आता मोंढ्यातलं गोदाम डोळ्यासमोर आणा, सोयाबीनचा सीझन. गोदाम निम्मं भरलंय तोवर हमाल पोती आणतो नेतो, काटा चालू, मुनीम कोपऱ्यात बसून हिशोब लिहितो. एकदा का छताला पोती लागली की मुनिमाला बसायला जागा नाही, हवा खेळत नाही, तळातला माल तापतो अन् उंदीर घुसतात. चरबीच्या पेशीचं तसंच. ती तेलानं फुगत गेली की तिला रक्तपुरवठा पुरत नाही, आजूबाजूला मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, टीएनएफ-अल्फा, आयएल-६ असली सुजेची रसायनं सुटतात अन् ती रसायनं अ‍ॅडिपोनेक्टिनचं उत्पादनच दाबतात. त्यातबी पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी सगळ्यात खट्याळ. म्हणून किती चरबी आहे यापेक्षा ती कुठं आहे अन् पेशी किती फुगल्यात हे बघावं लागतं. गोदामच नसलं तर? तेबी वाईट. लिपोडिस्ट्रॉफी म्हणून दुर्मिळ आजार आहे, त्यात चरबीच्या पेशी जवळपास नसतात, त्या माणसांत अ‍ॅडिपोनेक्टिन खूप कमी अन् इन्सुलिन रेझिस्टन्स भयंकर. माल ठेवायला जागा नाही म्हणून तेल लिव्हरमध्ये, स्नायूत, पोती रस्त्यावर.

तुमचे साडू अन् तुम्ही. साडूंचं गोदाम बहुतेक कातडीखाली आहे, मांड्या, कुल्ले, दंड, तिथं अजून जागा असंल. तुमचं गोदाम छोटं, ते भरलं अन् माल पोटात उतरला. आपल्या लोकांचं हे जुनं दुखणं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं. २००४ मध्ये त्यांनी अन् इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो दिला, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) दोघांचा सारखाच, २२ च्या आसपास, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के अन् याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तुमचा बीएमआय मी काढला, २२.८ येतो. त्याच फोटोत तिसरे उभे राहा. भारतीय वंशाच्या लोकांत तेवढ्याच बीएमआयच्या युरोपियन माणसापेक्षा अ‍ॅडिपोनेक्टिन कमी सापडतं हेबी बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

साडूंनी मात्र माजू नये, ९२ किलोवर गोदाम कधी भरंल सांगता येत नाही.

एक_सवाल_हाय (हिंगोली)

लई भारी माहिती. मग याची गोळी नाही का भेटत? आमच्याकडं बाजारच्या दिवशी एक जण पावडरचा डबा विकायलाय १८०० ला, म्हणतो चरबीतलं चांगलं हार्मोन जागं करते. आमच्या मामानं दोन डबे घेतलेत.

उदगिरी_बाबू

मामाला म्हणा तिसरा घेऊ नका. अ‍ॅडिपोनेक्टिन हे प्रथिन आहे, तोंडातून घेतलं तर डाळीसारखं पचून जाईल. अन् बनवायलाबी अवघड, त्याच्या तीन-तीन साखळ्या वेणीसारख्या गुंफलेल्या, मग अशा वेण्यांचे मोठे जुडगे, अन् वाहिनीच्या पेशींना जास्त कामाचा तो मोठा जुडगाच. टोकियोवाल्यांनी २०१३ ला त्या रिसेप्टरवर बसणारं छोटं रसायन काढलं, अ‍ॅडिपोरॉन, उंदरांवर चाललं, पण मेडिकलच्या काउंटरवर ते नाही.

एक जुनी गोळी आहे जी अ‍ॅडिपोनेक्टिन खरंच वाढवते, पायोग्लिटाझोन. ती कातडीखाली नव्या छोट्या चरबीपेशी तयार करते, म्हणजे नवीन गोदाम बांधून देते, वजन थोडं वाढतं अन् शुगर सुधारते, बघा गंमत. पण तिनं अंगात पाणी धरतं, हार्ट फेल्युअरवाल्याला धोका, बायकांत हाड मोडायचं प्रमाण वाढतं. त्यामुळं ही माहिती वाचून कुणी माझ्याकडं चिठ्ठीशिवाय मागायला येऊ नका, देणार नाही.

पैठण_गेट (छत्रपती संभाजीनगर)

सगळं वाचलं, छान लिहिलंय, पण या हार्मोनला एवढं डोक्यावर घेऊ नका असं माझं मत. मेडिसिनला रेसिडेंट आहे, वॉर्डात वेगळंच चित्र दिसतं. हार्ट फेल्युअर अन् किडनी खराब झालेल्या पेशंटमध्ये अ‍ॅडिपोनेक्टिन जास्त असतं, अन् ज्यांच्यात जास्त ते लवकर दगावतात असं अनेक अभ्यासांत आलंय. मग राखणदार कुठं गेला? शिवाय ज्यांच्यात जन्मतःच जीन्समुळं याची पातळी कमी-जास्त असते अशा हजारो लोकांचे अभ्यास झालेत, त्यात हार्टच्या आजारापासून ठाम संरक्षण काही दिसलं नाही. बशीतल्या पेशी अन् उंदीर एकीकडं, माणूस एकीकडं. बोअरचं उदाहरण ऐकायला गोड आहे पण माणसात त्या बोअरला पाणी किती हे बघायला नको का?

अन् कापूसकोंड्या दादा, हे वाचून अ‍ॅडिपोनेक्टिनची टेस्ट करायला पळू नका, आकडा आला तरी कोणताबी डॉक्टर त्यावरून तुमचा इलाज बदलणार नाही. कंबर मोजा, फुकटात होतं. आपल्याकडं पुरुषाला ९० सेंटीमीटर अन् बाईला ८०, त्याच्या वर गेलं की सावध.

गोदाकाठची (नांदेड)

पैठण गेट, टेस्टचं शंभर टक्के मान्य. बाकीचं निम्मं मान्य. किडनी खराब झाली की अ‍ॅडिपोनेक्टिन रक्तातून नीट काढलं जात नाही, म्हणून साठतं. हार्ट फेल्युअरमध्ये माणूस आतून झिजत असतो, त्या झिजण्यासोबत ते वाढतं, कदाचित रिसेप्टर दाद देत नाहीत म्हणून शरीर जास्त सोडतं. बोअर आटायला लागला की आपण मोटार जास्त वेळ चालवतो ना, मीटर जास्त फिरलं म्हणून मोटारीनं रान वाळवलं असं कुणी म्हणत नाही. जीन्सच्या अभ्यासावर मात्र माझ्याकडं तुमच्या तोंडावर मारण्यासारखं उत्तर नाही. नुसती पातळी वाढवून हार्ट वाचंल असं मीही वर्गात सांगत नाही. पण अस्तराच्या पेशीत ते काय करतं, ते मात्र वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांत परत परत दिसलंय, ते पुसून टाकता येत नाही.

अन् भाऊ, बोअरची मोटार चालू करायला अ‍ॅडिपोनेक्टिनच लागतं असं नाही हे सांगायचं राहिलं. स्नायू आकुंचन पावला की त्याच्यातलं एएमपीके आपोआप जागं होतं. चालताना रक्ताचा वेग वाढतो, तो प्रवाह अस्तराला घासत जातो अन् त्या घासण्यानंच ईनॉस चालू होतं, ना इन्सुलिन लागतं ना दुसरं हार्मोन. वजन थोडं उतरलं की चरबीच्या पेशी लहान होतात अन् अ‍ॅडिपोनेक्टिनबी वर येतं. गल्ल्यावरून दर तासाला उठून गोदामापर्यंत चक्कर मारा, खऱ्या गोदामापर्यंत.

कंबर मोजताना शेवटची बरगडी अन् कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास सोडून. पोट आत ओढायचं नाही, माझे विद्यार्थी हमखास ओढतात.

कापूसकोंड्या (परभणी)

सगळ्यांना हात जोडून. तीनदा वाचलं, चारी-बोअर डोक्यात बसलं, ११७७ बी बसलं, पुतणीला फोनवर सेरीन म्हणलं तर ती म्हणायली काका तुम्हाला कुणी सांगितलं हे.

मोजलं मी. माझी पँट ३४ ची, म्हणून मला वाटायचं कंबर ३४, म्हणजे ८६ सेंटीमीटर, पास. शेजारच्या टेलरकडून टेप आणला अन् ताई म्हणल्या तिथं धरला तर ९४ भरलं. पँट मी पोटाच्या खाली बांधतो, दहा वर्षांपासून, पोट वरून लोंबायलंय अन् पट्टा त्याच्या खालून चाललाय, तो आकडा पोटाचा नव्हताच कधी. साडूंना फोन करून मोजायला लावलं, ते म्हणले घरातला टेप पोरानं हरवलाय. बरं.

गोदामापर्यंत जाऊन-येऊन १४० पावलं होतात, मोजली. आज अकरा चकरा झाल्या, गिऱ्हाईक विचारायलंय मालक काय हरवलंय का.

टेप परत द्यायला गेलो तर टेलरनं मला उभं करून स्वतःचं मोजून घेतलं. आकडा इथं टाकू नको म्हणलाय.